पहिल्या चुकीला थांबायचे की सगळ्या चुका एकदम सांगायच्या?

ताळेबंद (धागाकर्ती)

एका पतसंस्थेसाठी मी खातेदारांची यादी भरून घेणारा छोटा प्रोग्राम लिहिला आहे. शाखेतून एक्सेलची फाइल येते. पायथनमधला प्रोग्राम ती ओळीओळीने वाचतो, जन्मतारीख, पिनकोड, मोबाइल क्रमांक, आयएफएससी कोड आणि खाते क्रमांक तपासतो आणि सर्व ठीक असेल तर डेटाबेसमध्ये नोंदी करतो. काही चुकीचे आढळले की एक्सेप्शन टाकून (म्हणजे चूक जाहीर करून काम मध्येच सोडून) तिथेच थांबायचे, अशी मूळ रचना होती. चुकीची माहिती आत जाण्यापेक्षा काम अडलेले बरे, असे मला तेव्हा वाटत होते आणि अजूनही वाटते.

मागच्या आठवड्यात शाखेत गेले, तेव्हा तिथल्या क्लार्कनी पैसे काढण्याच्या स्लिपच्या कोऱ्या बाजूवर पाचापाचाच्या जुड्या करून रेघा मारून ठेवल्या होत्या. मोजल्या तर सदतीस भरल्या. प्रत्येक रेघ म्हणजे फाइल चढवण्याचा एक प्रयत्न होता. ओळ ४१ मध्ये आयएफएससी कोड चुकला आहे असे प्रोग्रामने सांगितले, त्यांनी तो दुरुस्त करून फाइल पुन्हा चढवली, मग ओळ ४३ मध्ये मोबाइल क्रमांक नऊच आकडी निघाला, आणि असे दुपारच्या जेवणापासून शाखा बंद होईपर्यंत चालले होते. ते रागावले नव्हते. "मॅडम, याला सगळं दिसतंय ना, मग एकदम का सांगत नाही?" एवढेच त्यांनी विचारले.

घरी येऊन मी सोपा उपाय केला. जिथे जिथे एक्सेप्शन टाकत होते, तिथे तिथे काय चुकले याचा मजकूर एका यादीत जोडला आणि शेवटी ती यादी छापली. दुसऱ्या शाखेची १,३२० ओळींची फाइल त्यातून नेली, तर ४,००६ चुका बाहेर पडल्या. त्या शाखेत जन्मतारखा टिंबे देऊन लिहिल्या होत्या, त्यामुळे एकही तारीख वाचता आली नाही. तारीख न वाचल्यामुळे वय शून्य धरले गेले, वय शून्य म्हणून प्रत्येक खातेदार अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) ठरला, आणि अज्ञान खातेदाराच्या नोंदीत पालकाचे नाव नाही अशी तिसरी तक्रार प्रत्येक ओळीमागे लागली. म्हणजे ३,९६० चुका एका टिंबाच्या, आणि खऱ्या चुका ४६. त्या त्यात कुठे बुडाल्या होत्या, ते मलाच शोधावे लागले.

यादी करणे हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे, हे आता कळले. अवघड भाग कसा सोडवावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

अर्धविराम

आपला प्रश्न कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना फार पूर्वीपासून पडलेला आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

पंचकार्डांच्या, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवर प्रोग्राम लिहिण्याच्या, काळात प्रोग्रामरने कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायचा, अशी पद्धत होती. एका फेरीत एकच चूक कळली, तर आठवडा एका छोट्या प्रोग्रामवर जाई. त्यामुळे एकाच फेरीत जास्तीत जास्त चुका दाखवण्याकडे त्या काळच्या कंपायलरांचा कल होता. कॉर्नेल विद्यापीठात १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला पीएल-सी हा कंपायलर त्याही पुढे गेला होता. चूक सापडली की विद्यार्थ्याला काय म्हणायचे असावे याचा अंदाज बांधून तो स्वतःच दुरुस्ती करी आणि पुढे जाई. याउलट १९८३ मध्ये आलेला टर्बो पास्कल पहिल्याच चुकीला थांबत असे आणि एडिटरमधला कर्सर नेमका त्या जागी नेऊन ठेवत असे. त्याबद्दल फारशी तक्रार ऐकू आली नाही, कारण दुरुस्ती करून पुन्हा कंपाइल करायला काही सेकंद लागत. तेव्हा थांबावे की गोळा करावे हे एक फेरी किती महाग पडते यावर ठरते, आणि आपले क्लार्क, संगणक समोर असूनही, पंचकार्डांच्याच जगात बसले आहेत.

आता ४,००६ विषयी. सी शिकवणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे रोज दिसते. विद्यार्थी एक महिरपी कंस विसरतो, कंपायलर तीस चुका दाखवतो, आणि शिक्षक सांगतात की पहिलीच बघ, बाकीच्यांकडे लक्ष देऊ नकोस. कंपायलर लिहिणाऱ्यांनी यावर दोन प्रकारचे उपाय केले. पार्सर, म्हणजे प्रोग्रामची वाक्यरचना वाचणारा कंपायलरचा भाग, गोंधळला की तो पुढचे शब्द तपासणे सोडून देतो आणि अर्धविराम किंवा बंद कंस अशी भरवशाची खूण येईपर्यंत पुढे सरकतो. याक या पार्सर तयार करणाऱ्या साधनात तर असा नियमच आहे की एक चूक झाल्यावर सलग तीन टोकन (शब्द किंवा चिन्हे) नीट वाचली जाईपर्यंत नवी चूक सापडली तरी ती जाहीर करायची नाही.

दुसरा उपाय आपल्याला अधिक उपयोगी पडेल. एखाद्या व्हेरिएबलचा टाइप (संख्या, मजकूर असा किमतीचा प्रकार) ठरवता आला नाही, तर कंपायलर त्याला "सदोष" असा एक खास टाइप देतो. पुढे हा टाइप ज्या ज्या पदावलीत येतो तिचाही टाइप सदोष होतो, पण तिच्याविषयी नवी तक्रार केली जात नाही, कारण मूळ तक्रार आधीच झालेली असते. आपल्या प्रोग्राममध्ये तारीख वाचता आली नाही तेव्हा वय शून्य झाले, तिथेच घात झाला. शून्य हे खरे वय आहे. आज जन्मलेल्या बाळाचे ते असते. तिथे "माहीत नाही" अशी वेगळी किंमत हवी, आणि वयावर अवलंबून असलेल्या प्रत्येक नियमाने ती दिसताच गप्प बसायला हवे.

रिकामी_ओळ

वरील मुद्दा मान्य आहे. त्यात एक जोडतो. चुकांना कमाल मर्यादा घाला. क्लँग हा सी भाषेचा कंपायलर २० चुकांनंतर थांबतो, गो भाषेचा कंपायलर १० नंतर आणि जावाचा १०० नंतर. हे आकडे बदलता येतात, पण मुळात मर्यादा आहेच.

ताळेबंद

@अर्धविराम, "शून्य हे खरे वय आहे" हे वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसून राहिले. धन्यवाद.

@रिकामी_ओळ, मर्यादा माझ्या बाबतीत कितपत चालेल, याविषयी शंका आहे. प्रोग्रामर पहिल्या २० चुका दुरुस्त करून लगेच पुन्हा कंपाइल करतो; क्लार्कना २० चुका दाखवून थांबले, तर सदतीस फेऱ्यांऐवजी तीन फेऱ्या होतील एवढेच. त्याऐवजी मी असे ठरवले आहे की एकाच स्तंभातल्या निम्म्याहून अधिक ओळींत एकाच प्रकारची चूक आली, तर ती ओळींची चूक नसून स्तंभाची आहे असे मानायचे आणि एकच वाक्य लिहायचे: "जन्मतारीख या स्तंभातील तारखा टिंबे देऊन लिहिल्या आहेत, त्या तिरप्या रेघा देऊन लिहाव्यात."

अडचण आता कोडच्या मांडणीची आहे. कोणता नियम कशावर अवलंबून आहे हे मी जागोजागी इफ लावून लिहिते आहे आणि ते वाचवत नाही.

फलनप्रेमी

या इफांच्या जंगलामागे एक साधा भेद आहे. दोन तपासण्या एकमेकींशी दोनच प्रकारे जोडता येतात: एक तर दुसरीला पहिलीचे उत्तर लागते, किंवा लागत नाही.

पिनकोड आणि मोबाइल क्रमांक यांना एकमेकांची गरज नाही. दोन्ही तपासा, आणि दोन्ही नापास झाले तर दोन्हींच्या चुका एकापुढे एक जोडा. वय मात्र तारखेतून निघते. तारीख नसेल तर वयाच्या नियमाला विचारण्यासारखे काही उरतच नाही, त्यामुळे तिथे थांबणे भागच आहे. फंक्शनल भाषांमध्ये हा भेद टाइपमध्येच उतरवलेला असतो. हास्केल या अशा भाषेत आयदर हा, किंमत किंवा चूक यांपैकी एक धरणारा, टाइप साखळीने जोडला की पहिल्या चुकीला थांबतो. चुका गोळा करायच्या असतील तर व्हॅलिडेशन या नावाचा त्याचा भाऊ वापरतात, जो साखळीने जोडताच येत नाही, फक्त शेजारी शेजारी ठेवता येतो. स्काला भाषेच्या कॅट्स लायब्ररीतला व्हॅलिडेटेड हा टाइपही तसाच आहे. त्याला साखळीने जोडणारा फ्लॅटमॅप मुद्दाम दिलेला नाही. अनेकांना ती उणीव वाटते. माझ्या मते त्या लायब्ररीतला तो सर्वांत प्रामाणिक निर्णय आहे.

पायथनमध्ये यासाठी काहीही बसवण्याची गरज नाही. प्रत्येक तपासणीला एक फंक्शन करा, जे किंमत आणि चुकांची यादी अशी जोडी परत देईल. मग दोनच मदतनीस लिहा. "सोबत" हा अनेक तपासण्या चालवून सगळ्यांच्या याद्या जोडेल, आणि "नंतर" हा पहिल्या तपासणीत चूक नसेल तरच दुसरी चालवेल. एका खातेदाराची तपासणी मग साधारण अशी वाचता येईल: पिनकोड सोबत मोबाइल सोबत आयएफएससी सोबत (तारीख, नंतर वय, नंतर पालक). कशावर काय अवलंबून आहे ते त्या एका ओळीत डोळ्यांना दिसते आणि इफ उरत नाहीत.

जुनाजाणता

सगळ्या चुका गोळा करण्याचा उत्साह पाहून दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी की माहितीतल्या चुका आणि यंत्रणेचे बिघाड एका यादीत घालू नयेत. डिस्क भरली किंवा डेटाबेसचा संपर्क तुटला, तर पुढच्या हजार ओळींसाठी तोच बिघाड हजार वेळा नोंदवण्यात अर्थ नाही. तिथे पहिल्या क्षणी थांबणेच योग्य. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना याचा एक खास अनुभव येतो. ट्रान्झॅक्शन (एक तर सगळ्या पार पडतील किंवा एकही नाही असा आज्ञांचा गट) चालू असताना एक आज्ञा फसली की ट्रान्झॅक्शन रद्द झाले असे मानून तो पुढची प्रत्येक आज्ञा नाकारतो. ओळी एकामागून एक भरत चुका गोळा करणाऱ्याच्या हाती मग एक खरी चूक आणि बाकी सगळे तिचे प्रतिध्वनी लागतात. प्रत्येक ओळीआधी सेव्हपॉइंट (मागे परतण्याची खूण) ठेवून यातून वाट काढता येते, आणि ऑरेकल या डेटाबेसमध्ये तर अनेक ओळी एकदम भरणाऱ्या फोरऑल आज्ञेला सेव्ह एक्सेप्शन्स हे शब्द जोडले की फसलेल्या ओळी बाजूला ठेवून बाकीच्या भरल्या जातात. पण पतसंस्थेच्या कामात अर्धी यादी आत आणि अर्धी बाहेर अशी स्थितीच मला मान्य नाही. आधी संपूर्ण फाइल केवळ वाचून तपासावी, डेटाबेसला हातही लावू नये, आणि चुकांची यादी रिकामी असेल तरच लिहायला घ्यावे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. बाहेरून, अनोळखी ठिकाणाहून येणारी माहिती तपासताना सगळ्या चुका शोधत बसणे महागात पडू शकते, कारण कोणी मुद्दाम लाखो चुका असलेला मजकूर पाठवला तर तो तपासण्यात आणि चुकांची यादी साठवण्यात सर्व्हरच दमतो. जेसन या स्वरूपातली माहिती तपासणाऱ्या एजेव्ही या लायब्ररीत सगळ्या चुका दाखवण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली असते, आणि असा मजकूर तपासताना ती चालू करू नये असा इशाराही दस्तऐवजात दिलेला आहे. आपल्या शाखेतून येणाऱ्या फाइलला ही भीती नाही, तरी उद्या हाच कोड कोणी सार्वजनिक संकेतस्थळावर उचलून नेईल, म्हणून लिहून ठेवतो.

कंसपूर्ण

पायथन ३.११ मध्ये, म्हणजे २०२२ मध्ये, एक्सेप्शन ग्रुप आला आहे. अनेक एक्सेप्शन एकाच गठ्ठ्यात टाकता येतात आणि तारांकित एक्सेप्टने त्यातले हवे ते प्रकार वेगळे पकडता येतात. तयार सोय असताना जोड्या आणि मदतनीस स्वतः का लिहावेत?

फलनप्रेमी

कारण ती सोय वेगळ्या दुखण्यावरची आहे. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांपैकी दोन-तीन कामे एकदम फसली तर कोणते एक्सेप्शन वर पाठवायचे, हा तिच्यामागचा मुख्य प्रश्न होता. त्यातही एक गंमत आहे. पायथनमध्ये अनेक कामे एकाच वेळी चालवणाऱ्या असिंकआयओच्या टास्कग्रुपमध्ये एक काम फसले की उरलेली कामे रद्द केली जातात, त्यामुळे गठ्ठा मिळाला म्हणजे सगळ्या चुका मिळाल्या असे मुळीच नाही. सगळ्यांचे निकाल हवे असतील तर तिथल्याच गॅदर या फंक्शनला एक्सेप्शन परत देण्यास सांगावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये त्याच कामासाठी ऑलसेटल्ड आहे. डॉटनेटमध्ये तर ॲग्रिगेट एक्सेप्शनमध्ये सगळ्या चुका जमा असतात, पण अवेट केल्यावर (म्हणजे निकालाची वाट पाहिल्यावर) हातात त्यातली पहिलीच पडते, आणि बाकीच्या आत आहेत हे कित्येकांच्या गावीही नसते.

शिवाय खातेदाराचा मोबाइल क्रमांक नऊ आकडी असणे हा अपवाद नाही. त्या फाइलमध्ये ती रोजची गोष्ट आहे. जी गोष्ट होणार हे धरूनच प्रोग्राम लिहिला, ती एक्सेप्शन म्हणून फेकण्यापेक्षा साधी माहिती म्हणून परत द्यावी, असे माझे मत आहे. गो भाषेत चूक ही साधी किंमतच असते, म्हणून तिथे १.२० आवृत्तीत आलेले, अनेक चुका एकत्र जोडणारे एरर्स.जॉइन अशा कामात सहज बसते.

पाटीपेन्सिल

चुका कशा गोळा कराव्यात यावर बरीच चर्चा झाली. त्या सांगाव्यात कशा, यावर थोडे लिहितो, कारण शाळांच्या याद्या तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे.

ओळीचा क्रमांक वाचणाऱ्याला एक्सेलमध्ये दिसतो तोच द्यावा. प्रोग्राम शून्यापासून मोजतो आणि शीर्षकाची ओळ सोडून देतो, त्यामुळे प्रोग्रामची ४१ वी नोंद एक्सेलमध्ये ४३ व्या ओळीवर असते. एवढ्याशा फरकामुळे माणूस भलत्याच खातेदाराचा चांगला पिनकोड बिघडवून ठेवतो. एक चूक दाखवताना हा घोळ लगेच लक्षात येतो, पण शंभर चुकांची यादी हातात दिल्यावर शंभर चांगल्या ओळी बिघडतात.

प्रोग्रामला काय दिसले तेही अवतरणचिन्हांत दाखवावे. आयएफएससी कोड ११ अक्षरी असतो आणि त्यातले पाचवे अक्षर शून्य असते. तिथे ओ हे अक्षर टाइप झाले असेल तर "कोड चुकीचा आहे" हे वाचून माणूस दहा वेळा तोच कोड बघतो आणि त्याला तो बरोबरच दिसतो. "पाचव्या जागी शून्य हवे, ओ हे अक्षर आहे" असे लिहिले तर काम झाले. खाते क्रमांकाचे आणखी वाईट आहे. एक्सेल संख्येतले १५ च आकडे नेमके ठेवते, त्यामुळे १६ आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून टाइप केला की शेवटचा आकडा शून्य होतो आणि मूळ आकडा फाइलमध्ये कुठेही उरत नाही. अशा ठिकाणी स्तंभ आधी टेक्स्ट करून क्रमांक पासबुकावरून पुन्हा भरावा, असेच सांगावे लागते.

जाता जाता एक खास आपल्याकडची गोष्ट. पिनकोड मराठी आकड्यांत लिहिलेला असेल, तर पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकुराचा साचा तपासण्याच्या सोयीतले) आकड्याचे चिन्ह तो मान्य करते आणि त्याचे संख्येत रूपांतरही निमूट करते. जावास्क्रिप्टमधले तेच चिन्ह मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखते. म्हणजे ब्राउझरमध्ये चूक आणि सर्व्हरवर बरोबर, असा निकाल एकाच पिनकोडवर लागतो. मराठी आकडे मुळात चूक म्हणून दाखवूच नयेत. आत घेतानाच बदलून घ्यावेत.

ताळेबंद

सर्वांच्या सूचनांप्रमाणे प्रोग्राम पुन्हा लिहिला. तपासणीत डेटाबेसला हात लागत नाही, "सोबत" आणि "नंतर" हे दोन मदतनीस आहेत, मराठी आकडे आत येतानाच बदलले जातात. चुका वेगळ्या न छापता शाखेची फाइलच परत देते आणि तिच्यात शेवटी "शेरा" असा एक स्तंभ जोडते. स्तंभभर पसरलेली चूक असेल तर ती पहिल्या ओळीच्याही वर, पिवळ्या पट्टीत येते.

क्लार्कना नमुना दाखवला, तेव्हा त्यांनी एक बदल सुचवला, जो आपल्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. मी शेरे ओळींच्या क्रमाने लावले होते. त्यांना ते दोन भागांत हवे होते: जे शाखेत बसून पासबुक किंवा अर्ज बघून दुरुस्त करता येतील ते एकीकडे, आणि ज्यांसाठी खातेदाराला फोन करावा लागेल ते दुसरीकडे. पहिला भाग ते सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी उरकतात आणि दुसरा शिपायाकडे देतात. आता फाइलमध्ये दोन शीट असतात.

काल तिसऱ्या शाखेची ९८० ओळींची फाइल गेली. पिवळ्या पट्टीत काही नव्हते, शेरे ५२ होते. ते सगळे दुरुस्त होऊन फाइल परत आली, तर नऊ नवे शेरे निघाले, आणि लगेच फोन आला: "मॅडम, हे काल का नाही सांगितलं?" त्या नऊ जणांच्या जन्मतारखा आदल्या दिवशी वाचता आल्या नव्हत्या, म्हणून वय आणि पालक यांचे नियम गप्प बसले होते, आणि तारखा दुरुस्त होताच ते बोलू लागले. नियमाने गप्प बसणे बरोबरच होते, पण आपण गप्प बसलो आहोत हे त्याने सांगितले नव्हते.

अर्धविराम

हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला. कंपायलरही हे सहसा सांगत नाही आणि दुसऱ्या फेरीत नव्या चुका दिसल्या की आपण त्यालाच दोष देतो. "नंतर" या मदतनीसाने दुसरी तपासणी सोडली की तिचे नाव एका वेगळ्या यादीत टाका. ती यादी चुकांमध्ये मोजू नका, पण छापा.

ताळेबंद

केले. आता तारखेच्या शेऱ्याखाली एक ओळ फिक्या रंगात येते: "या खातेदाराचे वय व पालकाचे नाव अद्याप तपासलेले नाही." शाखेत त्या ओळी असलेल्या खातेदारांना फोन करताना पालकाचे नावही त्याच फोनवर विचारून घ्यायला सुरुवात झाली आहे.